बंबाच्या जागी

आचाओच्या अग्निशमन ठाण्यात
लाल बंब बाहेर पावसात काढून
त्या जागी फळ्या ठोकल्या होत्या.
फळ्यांखाली तेलाचा जुना डाग,
वर ओतिलिया रेमोल्कोयची खुर्ची.

बावीस वर्षं मी तिला ऐकतोय,
पण माझ्या लाँचवर.
तिकिटं मीच फाडतो, इंजिनही मीच बघतो.
ती बटाट्याच्या पोत्यावर बसते
आणि बेटं एकेक मागं पडताना
स्वतःशी पुटपुटल्यासारखं गाते.
इंजिनाच्या घरघरीतून गळून येईल तेवढं आपलं.
एकदा पट्टा तुटला, भर खाडीत दोन तास अडकलो,
ती गात बसली,
कुणी विचारलं नाही किनारा कधी लागणार.

आज तिच्या पाठीशी सहाजण.
कास्त्रोहून आलेला दानिलो, छातीवर अकॉर्डियन,
इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला.
दोन गिटारी, एक व्हायोलिन,
एक बेस, तो ऐकू येत नव्हता,
पोटात कळत होता.
आणि शिंपले उकरणारा आमचा एफ्राइन,
मेंढीच्या कातड्याचा बोम्बो मांडीशी धरून,
जणू कुणी तो परत मागेल.

पहिली तीन गाणी मी रागातच ऐकली.
भरल्या ताटात मीठ शोधावं
तसा तिचा आवाज शोधत होतो.
लोक नाचत होते. ओले कोट, शेकोटीचा धूर,
सफरचंदाची दारू.
मिरेया म्हणाली, नाचायचं तर नाच,
नाहीतर तोंड सरळ कर.

मग तिनं भावाचं गाणं धरलं.

भाऊ म्हणजे लादिस्लाओ,
हवेची नळी तोंडात धरून तळाशी जायचा.
गाण्यात एक ओळ आहे:
*दोर वर आला, दोर*
इथं ती थांबते.
लाँच एक लाट चढून उतरेल, इतकी.
मग म्हणते: *हलका.*
ते थांबणं आम्हा सगळ्यांना पाठ आहे.
लाँचवरची पोरंसुद्धा तेवढा वेळ
चिप्स खायची थांबतात.

*दोर वर आला, दोर*
हॉलनं श्वास धरला
आणि वाद्यं सरळ त्यावरून निघून गेली.
फुटक्या होडीत पाणी शिरावं
तसं अकॉर्डियन त्या जागेत शिरलं.
*हलका* कुठं तरी खाली चिरडला.
माणसं आपापले बूट बघू लागली.

ती थांबली नाही.
फक्त मान वळवली
आणि बाजारात खोट्या काट्याकडे बघते
तशी दानिलोकडे बघितली.
रागानं नाही. वजन कळल्यासारखी.

पुढचं कडवं. तीच ओळ फिरून आली.
*दोर वर आला, दोर*
दानिलोनं भाता ताणून तसाच धरला,
पोराला स्वेटर घालताना
बाह्या उघडून धरतात तसा.
एफ्राइनची काठी हवेत.
व्हायोलिनवाल्यानं डोळे मिटले.

एकटं माणूस थांबलं
तर वाटतं, दम लागला असेल.
सात माणसं एकदम थांबली
की कळतं, तिथं कुणीतरी आहे.

बाहेर बंबाच्या पत्र्यावर
पाऊस वाजत होता, स्पष्ट.
माझ्या लाँचवर मी हे कधीच ऐकलं नव्हतं.
तिथं इंजिन कधी थांबत नाही.

*हलका,* ती म्हणाली. गायली नाही, म्हणाली.

सोमवारी धक्क्यावर आली, पोत्यासकट.
पैसे सात वाटे करून उरले ते
चुरगळलेल्या नोटेत होते, तीच मला दिली.
मी म्हटलं, छान झालं परवा.
म्हणाली, पोरगा शिकेल.
मग पोत्यावर बसली
आणि भलतंच काही गुणगुणायला लागली,
कोंबड्या चोरणाऱ्या कोल्ह्याचं असावं.

दुसऱ्या बेटाच्या वळणावर
मी इंजिन बंद केलं.
उगाच. लाट एक चढून उतरेपर्यंत.
शाळेच्या बाईंनी घड्याळ बघितलं.
ओतिलियानं माझ्याकडे बघितलं नाही,
पण कोल्हा
तेवढा वेळ कुंपणाशी उभा राहिला.